पुढे चालायला शिकलेला लामा

अँडीज पर्वतराजीत ग्वानाको नावाचा एक रानटी प्राणी माणसाळला आणि त्यापासून लामा झाला, त्याला पाच-सहा हजार वर्षं तरी उलटली. इंका साम्राज्याचं धान्य, कापड आणि लढाईचं सामान लामांच्या पाठीवरून हललं. पुढे स्पॅनिश अमलात पोतोसीच्या डोंगरातली चांदीही त्यांनी वाहिली. एवढ्या काळात गाडी मात्र त्यांच्यामागे कधी लागली नाही. इंकांचे रस्ते ३० हजार किलोमीटरहून लांब, पण तीव्र चढावर त्या रस्त्यांच्या सरळ पायऱ्या व्हायच्या. वाहतुकीसाठी चाक वापरण्याची पद्धतच इंकांकडे नव्हती.

लामा गाडीला जुंपला गेला तो मायदेशापासून दूर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मुलांना लामाच्या गाडीतून फिरवत असत. हौशी माणसांनी स्वतःच्या लामाला स्वतः शिकवून गाडीला जुंपायचं, हा छंद मात्र १९७०-८०च्या दशकांत अमेरिकेत लामापालन पसरल्यानंतर वाढला. एका अर्थी ही घरवापसीच होती. लामा उंटाच्या कुळातला, आणि त्या कुळाचा उगम उत्तर अमेरिकेतला. लामाचे पूर्वज तिथूनच सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी दक्षिणेत उतरले, आणि उत्तरेतले त्यांचे भाऊबंद हिमयुगाच्या अखेरीस नामशेष झाले.

दीडशे किलोचा धडधाकट लामा पाठीवर साधारण ३०-३५ किलोच नेतो. मोठ्या माणसाने त्याच्यावर बसायचा प्रश्नच नाही. मग तोच लामा माणसासकट गाडी कशी ओढतो? इथे चाकाची किमया कळते. गाडी आणि माणूस मिळून १२० किलो धरले, तरी सपाट, टणक रस्त्यावर चाकं फिरती ठेवायला तीन-चार किलोंच्या ओढीएवढा जोर पुरतो. मात्र रस्ता दहा फुटांत एक फूट चढला की त्यात आणखी बारा किलोंची भर पडते. वाळूत किंवा चिखलात हिशेब याहून वाईट. म्हणून या गाड्या दुचाकी, हलक्या आणि दांड्यांचा भार पाठीवर येणार नाही अशा तोललेल्या असतात.

आपल्याकडे बैलाच्या वशिंडापुढे जू बसतं. लामाला वशिंड नाही, आणि मान उंच, सडपातळ. त्यामुळे तो टांग्याच्या घोड्यासारखा छातीपट्ट्याने ओढतो. घोड्याची सगळी साधनं मात्र त्याला चालत नाहीत. सर्वांत जपायचं ते नाक. लामा जवळजवळ पूर्णपणे नाकानेच श्वास घेतो. त्याच्या नाकाचं हाड आखूड, त्यापुढे नुसती मऊ कूर्चा. म्होरकीची नाकपट्टी डोळ्यांच्या जवळ, हाडावरच बसली पाहिजे. ती सैल होऊन पुढे घसरली की कूर्चा दबते, श्वास कोंडतो आणि एरवी शांत असलेला प्राणी जिवाच्या आकांताने उसळतो. लोक त्याला हट्टी म्हणतात. तो बिचारा घुसमटत असतो. तोंडात लोखंडी कडी घालण्याऐवजी पुष्कळजण लगाम म्होरकीच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांना बांधतात. हात हलकाच लागतो.

पण माझ्या मते अवघड धडा ओढण्याचा नाहीच, पुढे चालण्याचा आहे. लामा हा कळपातला प्राणी. कोणीतरी पुढे आणि तो मागे, हेच त्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अंगवळणी. गाडी ओढताना पुढे कोणीच नसतं, आणि हुकूम पाठीमागून येतो. म्हणून गाडीआधी नुसतं चालणं शिकवतात. शिकवणारा आधी मानेजवळ चालतो, मग खांद्याशी, मग मांडीशी, आणि शेवटी दोन लांब दोऱ्या धरून पूर्ण मागे. ‘चल’, ‘थांब’, उजवं, डावं हे सगळं आवाजावर आणि दोरीच्या हलक्या खुणेवर.

त्यानंतर आवाजाची भीती घालवायची. दोन्ही अंगांना प्लॅस्टिकचे पाइप धरून ते खडीवरून खरखरत नेतात. हळूहळू हलकं ओझं ओढायला देतात. रिकामी गाडी आधी शेजारून दुसरा माणूस ओढत नेतो, कारण बाजूंना असलेल्या डोळ्यांमुळे मागचं चाकही लामाला दिसत असतं. गाडी जोडतात ती यानंतर, तीही डोक्याशी एक मदतनीस ठेवून. वय तीन वर्षांच्या पुढे हवं. तोवर हाडं भरत असतात.

एक गमतीची आणि कामाची गोष्ट. लामा लेंड्या टाकायला ठरलेली जागा वापरतात. वाटेत दुसऱ्याची जागा लागली की थांबून हुंगणार. जाणते लोक म्हणूनच जुंपण्याआधी त्याला त्याच्या जागेवर नेऊन आणतात.

गाडीसाठी नर निवडताना बाटलीच्या दुधावर एकटा वाढवलेला टाळावा. असा नर माणसाला आपल्यातलाच समजतो, आणि वयात आल्यावर प्रतिस्पर्धी मानून अंगावर येऊ शकतो. खच्ची केलेला, कळपात वाढलेला नर या कामाला चांगला.

काम झेपेनासं झालं की लामा ते लपवत नाही. आधी गुणगुणतो, कान मागे पाडतो, आणि तरीही ऐकलं नाही तर पाय दुमडून रस्त्यात बसतो. त्या वेळी ओरडून उठवणं मला क्रूरपणाचं वाटतं. साज कुठे रुतलाय का, उन्हाने जीव तापलाय का, ते पाहावं. दाट लोकरीचा हा थंड हवेतला प्राणी दमट उकाड्यात लवकर खचतो, आणि मऊ गादीचे त्याचे तळवे तापलेल्या डांबरावर भाजतात. फेरी सकाळी काढावी, पाणी सोबत घ्यावं, आणि मोठा चढ आला की गाडीवानाने खाली उतरून त्याच्या शेजारी चालावं.