वाढ आणि बरोबरी : ऑनलाइन भूमिका-खेळांतील न्यायाचा प्रश्न

मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते आणि महाशिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वराची. यात्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. ह्या फडाचा क्रम आपणां सर्वांना ठाऊक आहे. आरंभी पोरासोरांच्या कुस्त्या, खोबऱ्याच्या वाटीवर किंवा नारळावर. मग हळूहळू इनाम चढत जाते आणि अखेरीस मानाची कुस्ती. ह्या साऱ्या खटाटोपात पंचांचे सर्वांत अवघड काम कोणते? निकाल देण्याचे नव्हे. चीतपट झालेला मल्ल आंधळ्यालाही कळतो. अवघड काम आहे ते जोड लावण्याचे. वय, अंगलट, वजन, कोणत्या तालमीतला, मागे कोणाशी लढला, हे सारे नजरेने तोलून पंच दोघांचे हात हातांत देतात. जोड विजोड लागली तर हलगी वाजत असतानाच लोक ओरडा करतात. कारण तेथे कुस्ती होत नाही, नुसती चिरडाचिरड होते.

आजचा आमचा विषय मोबाइल आणि संगणक यांवरील भूमिका-खेळांचा आहे. नांदेड-लातूरकडील घराघरांत मुले हे खेळ खेळतात. वडीलधाऱ्यांना मात्र त्यांत बोटांच्या चाळ्यापलीकडे काही दिसत नाही. वस्तुतः ह्या खेळांपुढे आज जो मोठा प्रश्न उभा आहे तो फडातल्या पंचांचाच आहे : जोड कशी लावावी?

प्रथम हे खेळ काय आहेत ते पाहू. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा, कागद-पेन्सिल आणि फासे यांवर खेळावयाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात खेळणारा एखादे पात्र धारण करतो. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक. पराक्रम केला की अनुभवाचे गुण मिळतात, गुण साठले की पात्र एक पायरी, म्हणजे लेव्हल, वर चढते आणि त्याचे बळ वाढते. १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी अनेकांना एकाच वेळी संगणकावर खेळता येईल असे जग रचले. पुढे १९९७ साली ‘अल्टिमा ऑनलाइन’, २००४ साली ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ असे करीत हा प्रवाह आता हातातल्या मोबाइलपर्यंत आला आहे.

ह्या खेळांत माणसाच्या दोन निरनिराळ्या भुका भागतात. एक भूक वाढीची. आज लावलेले श्रम उद्या वाया गेलेले नाहीत, काल जो राक्षस आटोपत नव्हता तो आज आटोपतो, ह्याचे समाधान मोठे असते. दुसरी भूक झुंजीची. समोर आपल्यासारखाच माणूस आहे, आणि आपण त्याला हुशारीने जिंकले, हा तो आनंद. १९९६ साली बार्टल यांनी खेळाडूंचे चार प्रकार सांगितले : कमाई करणारे, शोध घेणारे, लोकांत मिसळणारे आणि दुसऱ्यावर चालून जाणारे. यांतील पहिला आणि शेवटचा एकाच जगात सोडले की भांडण ठरलेले. कारण वाढीला मागची शिदोरी जपावयाची असते, आणि झुंजीला ती दाराबाहेर ठेवावयाची असते.

हे भांडण किती तीव्र आहे ते एका कल्पित हिशेबाने पाहू. नव्या खेळाडूच्या पात्राचा घाव १०० गुणांचा आणि प्राण १,००० गुणांचा आहे असे समजा. जुन्या खेळाडूचे दोन्ही फक्त तीस टक्क्यांनी अधिक, म्हणजे घाव १३० आणि प्राण १,३००. दोघेही सारखेच चपळ आहेत. जुन्याला आठ घाव पुरतात. नव्याला तेरा लागतात. नवा पडतो तेव्हा जुन्याचे निदान ५०० प्राण शिल्लक असतात. आता जुन्याचे बळ दुप्पट करा : त्याला पाच घाव पुरतील, नव्याला वीस लागतील. बळ दुप्पट झाले, पण अंतर चौपट पडले. कारण घाव आणि प्राण ह्या दोन वाढींचा गुणाकार होतो. दिसावयास किरकोळ वाटणारी वाढ झुंजीत निकालच ठरवून टाकते. नवा खेळाडू हरतो तो चुकल्यामुळे नव्हे, उशिरा आल्यामुळे. असे चार वेळा झाले की तो खेळ सोडून जातो. आणि नवे येईनासे झाले की जुन्यांचेही जग ओस पडते.

येथे कोणी म्हणेल, कुस्तीतही जुना मल्ल नव्यापेक्षा बळकट असतोच. त्यात अन्याय तो कसला? शंका रास्त आहे आणि तिच्या उत्तरातच विषयाची किल्ली आहे. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९६९ साली लातूरमध्येच ‘महाराष्ट्र केसरी’चा मान मिळवला. त्यांची वाढ त्यांच्या अंगात मुरलेली होती; जोर-बैठकांची, मेहनतीची आणि डोक्याची. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी मल्ल घडवले. शिष्याला त्यांनी डाव दिले. पण आपले कमावलेले अंग काढून त्याच्या अंगावर चढवणे त्यांनाही शक्य नव्हते. भूमिका-खेळातील पात्राचे बळ मात्र खेळणाऱ्याच्या अंगात नसते, ते खेळाच्या वहीत लिहिलेले असते. वहीतला आकडा दुसऱ्याला देता येतो, विकता येतो, विकत घेता येतो. अंगची वाढ आणि वहीतली वाढ ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि त्या एक समजल्याने सारा घोटाळा होतो.

शिवाय कुस्तीनेही सगळेच मोकळे सोडलेले नाही. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कांस्यपदक जिंकले ते ५७ किलो वजनगटात. शंभर किलोच्या मल्लाशी त्यांची गाठ घातली असती तर त्यांची चपळाई आणि डाव जगाला दिसलेच नसते. वजन बरोबरीला आणले म्हणून कौशल्य उघडे पडले. आजही महाराष्ट्र केसरीच्या गटाला ८६ ते १२५ किलो अशी मर्यादा आहे, आणि गादीचा विजेता व मातीचा विजेता आधी आपापल्या विभागात ठरतो. बुद्धिबळात दोघांचीही मोहरी सोळाच. दहा वर्षे खेळला म्हणून कोणाला दुसरा वजीर मिळत नाही. परीक्षेचेही तसेच. ‘लातूर पॅटर्न’ने जिल्ह्याचे नाव राज्यभर केले, पण परीक्षागृहात प्रश्नपत्रिका एकच आणि वेळही एकच. विद्यार्थ्याचा अभ्यास मात्र कोणी बाहेर काढून ठेवीत नाही, कारण मोजावयाचा आहे तो तोच. यावरून नियम निघतो तो असा : ज्या गुणाची परीक्षा घ्यावयाची तेवढा मोकळा सोडावा, बाकीचे सारे बरोबरीला आणावे.

हा नियम पाळण्याचे चार मार्ग खेळ रचणाऱ्यांनी आजवर चोखाळले आहेत.

पहिला मार्ग वेगळ्या आवाराचा. ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये आरंभी गावाबाहेर कोणीही कोणावर तुटून पडू शकत असे, जुने खेळाडू नवख्यांना मारून लुटू लागले. अखेर २००० साली त्या जगाचे दोन भाग केले गेले. एकात संमतीवाचून हल्ला करता येत नाही, दुसऱ्यात येतो. फडात उतरतो तो लंगोट कसूनच उतरतो. बाजाराला आलेल्या माणसाला कोणी धोबीपछाड मारीत नाही.

दुसरा मार्ग जोड लावण्याचा. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत पदार्थविज्ञान शिकवणारे अर्पाद एलो यांनी बुद्धिबळासाठी गुणांकनाची रीत बसवली. १९७० साली ती जागतिक बुद्धिबळ संघटनेने स्वीकारली. दोघांचे गुण सारखे असतील तर दोघांकडून सारखीच अपेक्षा. २०० गुणांचा फरक असेल तर वरच्याने शंभर डावांत सुमारे ७६ गुण मिळवावेत. त्याहून कमी मिळाले तर त्याचे गुणांकन उतरते. पंच जे नजरेने करतात तेच हे आकड्यांनी. आज बहुतेक ऑनलाइन खेळ ह्याच धर्तीवर प्रतिस्पर्धी शोधून देतात. तथापि यात एक पळवाट राहते : मुरलेला खेळाडू नव्या नावाने खाते उघडतो आणि नवख्यांत शिरतो. नाव लपवून खेडच्या फडात उतरणारे मल्ल पंचांच्या नजरेला ओळखीचे असतील; आकड्याला ते ओळखू येत नाहीत.

तिसरा मार्ग सपाटीकरणाचा. २०१२ साली आलेल्या ‘गिल्ड वॉर्स २’च्या स्पर्धेच्या आवारात पाऊल ठेवताच प्रत्येकाचे पात्र ऐंशीव्या लेव्हलवर येते आणि सर्वांना सारख्याच ताकदीची हत्यारे मिळतात. बाहेरची कमाई बाहेर राहते.

चौथा मार्ग हंगामाचा. ‘डायब्लो ३’ने २०१४ पासून हंगाम सुरू केले, प्रत्येक हंगामाला सर्वांनी नवे पात्र घेऊन पहिल्या लेव्हलपासून आरंभ करावयाचा. वाढ आहे, पण तिला मुदत आहे. पाडव्याला व्यापारी नवी वही घालतो, तसे.

ह्या मार्गांत सपाटीकरणावरचा आक्षेप सर्वांत जोरदार आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने २०१६ साली झुंजीसाठी जवळजवळ सर्वांना एकाच साच्यात बसवले, २०१८ मध्ये तो साचा मागे घ्यावा लागला. महिनोन्‌महिने खपून मिळवलेल्या तलवारीला झुंजीत काहीच अर्थ नसेल तर ती मिळवावी तरी कशाला, ही खेळाडूंची तक्रार होती, आणि ती खोटी म्हणता येणार नाही. श्रमाचे चीज व्हावे ही अपेक्षाही न्यायाचीच आहे.

मग तोड कोणती? आमच्या मते ती तालमीतच सापडते. वस्ताद शिष्याला ढाक शिकवतो, कलाजंग शिकवतो, घिस्सा शिकवतो. पण प्रत्येक डावाला तोड असते. जास्त डाव येणारा मल्ल अधिक वाटांनी लढू शकतो. तरी एका डावाने तो अजिंक्य होत नाही. वाढ ही उंचीत होण्याऐवजी रुंदीत व्हावी. २००५ सालच्या पहिल्या ‘गिल्ड वॉर्स’ने हेच केले : विसाव्या लेव्हलवर बळाची वाढ थांबे, पुढे मिळत ती नवी कौशल्ये, आणि त्यांतली आठच एका वेळी बरोबर नेता येत. जुन्याजवळ निवड मोठी, पण मैदानात दोघांचेही भाते आठ बाणांचेच. येथे श्रमाला फळ आहे आणि नव्याला संधीही आहे.

आता पैशाकडे वळू. वहीतली वाढ विकता येते हे कळल्यावर बाजार मांडला जाणारच. ‘डायब्लो ३’ने २०१२ साली खऱ्या पैशांत हत्यारांचा लिलाव सुरू केला, खेळाचा गाभाच त्याने पोखरला आणि मार्च २०१४ मध्ये तो रचणाऱ्यांनीच बंद केला. आत काय निघेल हे न सांगता पेट्या विकण्याच्या प्रकाराला बेल्जियमने २०१८ साली जुगार ठरवले. आपल्याकडे २०२५ साली संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. जिंकून पैसे मिळण्याच्या आशेने पैसे लावावयाच्या खेळांना त्याने बंदी घातली आणि ई-स्पोर्टला वेगळी मान्यता दिली. परंतु पैसे देऊन पात्राचे बळ वाढवणे हा प्रश्न निराळा आहे. तेथे कोणी डाव लावीत नाही. तेथे विजयच आगाऊ विकत घेतला जातो. कायद्याची रेघ जेथे संपते तेथूनही न्यायाचा प्रश्न पुढे चालतो.

पैसा घेण्यातच पाप आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही. खेळ रचणाऱ्यांची घरे चालली पाहिजेत. पोशाख विकावेत, रंग विकावेत. पबजीवर २०२० साली बंदी आल्यानंतर २०२१ मध्ये भारतासाठी जो ‘बीजीएमआय’ आला, त्याच्या मुख्य लढतीत प्रत्येक जण रिकाम्या हाताने उतरतो आणि हत्यारे मैदानातच शोधतो. विकले जातात ते मुख्यतः पोशाख. त्याच्या स्पर्धा भरवता येतात त्या म्हणूनच. भरजरी फेटा बांधून मल्ल फडात आला तर शोभा वाढते, कोणाची पाठ मातीला लागत नाही.

तेव्हा गावातल्या मंडळाने उद्या मोबाइलच्या खेळाची स्पर्धा भरवावयाचे ठरवले तर तीन प्रश्न आधी विचारावेत : उतरताना दोघांचे बळ सारखे आहे काय? नसल्यास जोड कोण आणि कशावरून लावणार? आणि पैसे देऊन मिळालेले काही मैदानात चालते काय? आईबापांनीही मुलाला नुसते ‘किती वेळ खेळलास’ असे न विचारता ‘वर चढलास तो खेळून की पैसे भरून’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने मूल तोंड लपवते. दुसऱ्याने ते विचार करू लागते. कारण हरण्याचे दुःख मुलांना फार काळ राहत नाही. विजोड कुस्तीत हरवले गेल्याचा सल मात्र राहतो, आणि जिंकणाऱ्यालाही मनातून ठाऊक असते की ती कुस्ती झालीच नव्हती.