नर्सिंग होमचे तारे कसे वाचावेत?

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटले की बाळंतपणाचे किंवा ऑपरेशनचे छोटे खासगी रुग्णालय डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. ज्या वृद्धांना स्वतःचे स्वतः करता येत नाही, त्यांची चोवीस तास शुश्रूषा करणारी ती निवासी संस्था. तिकडे स्थायिक झालेली आपली अनेक माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. ‘थोरल्या भावासाठी मुलाने चार ताऱ्यांचे नर्सिंग होम पाहिले आहे, ते चांगले असेल ना?’ असे एका वाचकांनी मला विचारले. याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही.

अमेरिकेच्या केंद्र सरकारने डिसेंबर २००८ पासून या संस्थांना एक ते पाच तारे जाहीरपणे देण्यास सुरुवात केली. त्यासाठी तीन गोष्टी पाहतात: सरकारी तपासणीत आढळलेले दोष, परिचारिका व मदतनीसांची संख्या, आणि रहिवाशांची प्रकृती, म्हणजे शय्याव्रण (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा), पडून होणाऱ्या दुखापती वगैरे. यांत तपासणीचा निकाल पायाभूत धरतात आणि बाकी दोहोंमुळे एखादा तारा वाढतो किंवा घटतो.

सुरुवातीला एक मोठी उणीव होती. कर्मचाऱ्यांची संख्या आणि रहिवाशांच्या प्रकृतीची माहिती संस्थाच कळवीत. परीक्षार्थीनेच स्वतःचे पेपर तपासावेत, तसा हा प्रकार! म्हणून नियम बदलत गेले. २०१५ मध्ये मनोविकारावरील गुंगी आणणाऱ्या औषधांचा वापर मोजणीत आला, कारण स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना शांत ठेवण्यासाठी ती सर्रास दिली जात. या रुग्णांत अशा औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो. २०१८ पासून कर्मचाऱ्यांची संख्या पगारपत्रकावरून घेतात. ऑक्टोबर २०१९ पासून, जेथे वृद्धांचा छळ झाल्याचे तपासणीत नोंदले गेले, त्या संस्थेच्या नावापुढे तांबड्या वर्तुळातील हाताची खूण येते. जुलै २०२२ पासून शनिवार-रविवारचे कर्मचारी आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाणही धरले जाते. नेहमीची परिचारिका सारखी बदलत राहिली, तर म्हाताऱ्या माणसाचे दुखणे ओळखणार कोण?

तरी पळवाटा निघाल्याच. स्किझोफ्रेनियाचे रुग्ण औषधांच्या मोजणीतून वगळलेले असल्याने काही ठिकाणी तेच निदान खोटे लिहिले जाई. २०२३ पासून त्याचीही पडताळणी होते आणि दोषी संस्थेचा प्रकृतीविषयक दर्जा सहा महिने एका ताऱ्यावर आणला जातो.

तेव्हा तारे पाहताना चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एकूण ताऱ्यांपेक्षा तपासणीचे तारे आधी पाहावेत. हे तारे त्याच राज्यातील इतर संस्थांच्या तुलनेत असतात. वरच्या दहा टक्क्यांना पाच आणि खालच्या वीस टक्क्यांना एक. म्हणून दोन राज्यांची तुलना करू नये. एखाद्या संस्थेचा तारा कमी झाला, तर सेवा बिघडली की नियम बदलला, हे विचारावे. आणि प्रत्यक्ष भेट दिल्याशिवाय ठरवू नये. शक्यतो रविवारी, जेवणाच्या वेळी जावे.

आपल्या वृद्धाश्रमांना अशी सरकारी ताऱ्यांची पद्धत नाही. पण प्रश्न तेच विचारता येतात. रात्री किती माणसे हजर असतात? मदतनीस किती दिवस टिकतात? औषध कोण देते, कोणाच्या चिठ्ठीवर देते? झोपून असलेल्या आजीबाईंची कूस दर दोन-तीन तासांनी बदलतात का? इमारतीचा रंग आणि बागेतली फुले मागाहून पाहावीत. आधी तिथे राहणाऱ्यांच्या टाचा आणि पाठ पाहावी. तिथे जखमा नसतील, तर शुश्रूषा नीट चालली आहे याची ती एक चांगली खूण समजावी.