मधलं नाव आता दोन माणसांचं!

बाळाचं नाव शोधताना आपण राशीचं अक्षर बघतो, अर्थ बघतो. पुढे काय लागणार हे बघतच नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदपत्रांत क्रम असा: बाळ, आई, वडील, आडनाव. म्हणजे मधलं नाव ठरलेलंच. जुळवायचं ते पहिलं.

आधी सांधा तपासा. ‘ओम मधुरा’ भरभर म्हणा, ‘ओमधुरा’ ऐकू येतं. ‘रिया आसावरी’चं ‘रियासावरी’ होतं. शेवटचा आणि पुढचा आवाज वेगळा असला की नावं सुटी राहतात.

मग लांबी. आई भाग्यश्री, बाबा चंद्रशेखर असतील तर ‘अनुष्का’पेक्षा ‘ईरा’ बरी. हजेरी घेणाऱ्या बाईंना धाप लागणार नाही!

इंग्रजी आद्याक्षरंही मांडून बघा. मीरा अनिता दिलीप म्हणजे एम. ए. डी. वर्गातली पोरं हे पहिल्याच आठवड्यात शोधून काढतात.

आत्याला घाई असली तरी तुम्ही करू नका. जन्मनोंदणी नावाशिवाय होते, आणि नोंदणीपासून बारा महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं. तोवर पाळण्यातलं नाव आहेच.