अक्षरांवरून शब्द कसा शोधावा



डॉक्टर व्याख्यानाला उभा राहिला की तो मधुमेहावर किंवा रक्तदाबावर बोलणार, असे गृहीत धरले जाते. मी आज शब्दांच्या शोधाविषयी बोलणार आहे आणि त्याचे निमित्त घरचेच आहे. बंगळुरूला वाढणारी माझी नात दिवाळीत इंदूरला आली होती. तिच्याबरोबर स्क्रॅबल खेळताना मी ओळीने चार डाव हरलो. तेव्हा ती दयेने म्हणाली, "आजोबा, आता मराठीत खेळू, म्हणजे तुम्ही जिंकाल." मी पुठ्ठ्याचे तुकडे कापायला बसलो आणि पहिल्याच तुकड्याशी अडलो. त्यावर 'क' लिहायचा की 'का'?

त्या अडचणीकडे वळण्याआधी इंग्रजीत हे काम कसे चालते ते पाहू. स्क्रॅबल हा खेळ आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने १९३०च्या दशकात रचला. कोणते अक्षर किती वेळा येते हे त्याने वर्तमानपत्राची पाने घेऊन मोजले. म्हणून शंभर सोंगट्यांत 'ई' बारा आहेत आणि 'क्यू' व 'झेड' एकेकच. खेळाडूच्या हाती एका वेळी सात सोंगट्या असतात. सातही अक्षरे वेगळी असतील तर ती सर्व वापरून ५,०४० मांडण्या होतात. कमी अक्षरांच्या मांडण्याही धरल्या तर आकडा १३,६९९ वर जातो. इतक्या मांडण्या करून प्रत्येक वेळी शब्दकोश उघडणे कोणाच्याने होणार?

यावर एक साधी युक्ती आहे. शब्दातली अक्षरे वर्णानुक्रमाने लावायची आणि त्या ओळीला त्या शब्दाची किल्ली मानायचे. 'लिसन' म्हणजे ऐकणे, या शब्दाची अक्षरे एल, आय, एस, टी, ई, एन. क्रमाने लावली की ई, आय, एल, एन, एस, टी. 'सायलेंट'ची किल्ली हीच, 'एनलिस्ट'चीही हीच आणि 'टिन्सेल'चीही. साऱ्या कोशाच्या किल्ल्या एकदा काढून ठेवल्या की मांडण्या करण्याचे कारण उरत नाही. सातांतून कोणती अक्षरे निवडायची एवढाच प्रश्न राहतो आणि अशा निवडी फक्त १२७ होतात.

हे गणित आपल्याकडे जुने आहे. सहा रसांचे ६३ भेद आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला पाठ असतात. एकेकटे सहा, दोन-दोनांचे पंधरा, तीन-तीनांचे वीस, चारांचे पंधरा, पाचांचे सहा आणि सर्वांचा मिळून एक. अशा निवडी मोजण्याचे सर्वसाधारण सूत्र नवव्या शतकात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त दिले. ते जैन होते म्हणून मी त्यांचे नाव घेतो असे कोणी म्हणेल, तर थोडेसे तसे आहेही. मांडण्यांसाठी मात्र भास्कराचार्यांकडे जावे. 'लीलावती'च्या अंकपाश प्रकरणात विष्णूच्या चार हातांतल्या शंख, चक्र, गदा, पद्मांची अदलाबदल करून २४ मूर्ती मोजल्या आहेत. शंकराच्या दहा हातांतल्या दहा आयुधांची तीच रीत लावली की ३६,२८,८०० होतात.

आता प्रश्न जरा बदलू. ठरावीक अक्षरे शब्दात असलीच पाहिजेत, बाकीची कोणतीही चालतील. उदाहरणार्थ जी, एक्स, वाय. इथे किल्ली उपयोगी पडत नाही, कारण उरलेली अक्षरे आपल्याला ठाऊक नसतात. इथे मला माझा धंदा आठवतो. आमच्याकडे दोन प्रकारचे ग्रंथ असतात. मटेरिया मेडिकामध्ये औषधाच्या नावाखाली लक्षणे दिलेली असतात. रेपर्टरीत लक्षणाखाली औषधे. बोनिंगहाउसेनची रेपर्टरी १८४६ची आणि आम्ही शिकलो ती केंटची. होमिओपॅथीविषयी आपले मत काहीही असो, ही उलटी सूची करणाऱ्यांच्या चिकाटीला दाद द्यावी लागते. शब्दकोश ही शब्दांची मटेरिया मेडिका आहे. अक्षरांवरून शब्द शोधायचा तर अक्षरांची रेपर्टरी हवी.

संगणक येण्यापूर्वी आमच्याकडे कार्ड-रेपर्टरी असे. दिल्लीच्या डॉ. जुगल किशोर यांची प्रसिद्ध होती. एका लक्षणाला एक कार्ड. प्रत्येक औषधाची जागा सर्व कार्डांवर ठरलेली आणि ते लक्षण ज्या औषधात असेल त्या जागी भोक. रोग्याच्या चार-पाच लक्षणांची कार्डे एकावर एक ठेवून उजेडासमोर धरायची. ज्या भोकातून उजेड आरपार येईल ते औषध सर्व लक्षणांत आहे. जी, एक्स आणि वाय यांची अशी कार्डे केली तर 'ऑक्सिजन' आणि 'गॅलक्सी' यांच्या भोकांतून उजेड येईल. कार्डे नसतील आणि नुसत्या याद्या हातात असतील तर सुरुवात 'एक्स'च्या यादीने करावी, कारण ती सर्वांत लहान. 'ई'पासून सुरुवात करणारा दिवसभर बसेल. हानेमाननेही 'ऑर्गेनन'च्या १५३व्या सूत्रात हेच सांगितले आहे. सर्वसामान्य लक्षणांपेक्षा विलक्षण, दुर्मिळ लक्षणांकडे आधी पाहा. डोकेदुखी कोणत्या औषधात नाही?

आता पुठ्ठ्याच्या तुकड्याकडे येऊ. आपल्या शब्दकोड्यात एका घरात एक अक्षर, काना-मात्रा-वेलांटी आणि जोडाक्षरासकट. या हिशोबाने 'कमल' आणि 'कलम' एका कुळातले. 'रा' आणि 'म' हे तुकडे घेतले तर 'राम' होतो आणि 'मरा' होतो, वाल्या कोळ्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांतून 'रमा' होत नाही, 'मार'ही होत नाही. अक्षर फोडून वर्णांपर्यंत गेलो तर? 'राम' म्हणजे र्, आ, म्, अ. 'मरा', 'रमा', 'मार' यांचेही वर्ण हेच चार. उच्चारात शेवटचा 'अ' आपण गिळतो, पण लेखनात तो आहे. हे चार मी नातीला दाखवले. ती बराच वेळ तुकडे हलवत राहिली. मग मी पाचवा लावून दाखवला: 'आम्र'. मराठी तिला बोलता येते, वाचायला अडखळते. त्या संध्याकाळी मात्र जोडाक्षर कसे बनते हे तिला कोणी शिकवावे लागले नाही.

संगणक या दोन्ही रीतींच्या अधेमधे आहे. त्याच्या लेखी 'क' एक खूण, वेलांटी दुसरी, हलन्त तिसरी. 'क्षत्रिय' आपल्याला तीन अक्षरांचा शब्द, त्याला आठ खुणांचा. इंग्रजीसाठी केलेली शोधाची रीत तशीच लावली की वेलांट्या एकीकडे आणि व्यंजने दुसरीकडे गोळा होतात. आधी अक्षरे किंवा वर्ण वेगळे करून घेतले की हेच यंत्र निमूटपणे काम करते.

अक्षरांच्या सोयीने शब्द लावण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी 'अनेकार्थसंग्रहा'त शब्दांची विभागणी स्वरांच्या संख्येने केली: एका स्वराचे, दोन स्वरांचे, तीन स्वरांचे. मग आत शेवटच्या व्यंजनाप्रमाणे क्रम लावला. शब्दकोडे सोडवणाऱ्याला याहून वेगळे काय हवे असते? आणि धार इथून किती लांब आहे? तिथल्या भोजशाळेत नागाच्या वेटोळ्यांत वर्णमाला आणि व्याकरणाचे प्रत्यय कोरलेले सर्पबंध आहेत. धार संस्थानच्या शिक्षण खात्यातले काशिनाथ कृष्ण लेले यांनी त्यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. तसेच सर्पबंध उज्जैनला आणि निमाडातल्या ऊनलाही आहेत.

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला अशा सूच्या आज आयत्या मिळतात. आमच्या घरी मराठी डाव अडला तेव्हा हाताशी असे काहीच नव्हते. म्हणून मी वहीत तीन अक्षरी शब्द लिहायला घेतले आहेत. डावीकडे वर्ण क्रमाने लावलेली किल्ली, उजवीकडे शब्द. दवाखान्यात दोन रोग्यांच्या मध्ये जेवढे होईल तेवढे होते आणि अजून 'क'सुद्धा संपलेला नाही. वही आज इथे बाहेरच्या टेबलावर ठेवली आहे. ज्यांना 'च' किंवा 'ट' घ्यायचा असेल त्यांनी शेवटच्या पानावर नाव लिहावे. 'अ' कृपा करून कोणी एकट्याने घेऊ नये, तो दोघांत वाटून घ्यावा.