रंगांना घर द्या!

दोस्तांनो, राखी जवळ आली की काय होतं, सांगा पाहू! टिकल्या मिळतात, तर रेशीम सापडत नाही. रेशीम सापडतं, तर कात्री गायब. फेविकॉलच्या बाटलीचं तोंड तर केव्हाचंच बंद झालेलं असतं. मग "आई, नवीन आणायला पैसे दे ना!" अशी भुणभुण सुरू होते. खरं म्हणजे वस्तू घरातच असतात, फक्त त्यांना घर नसतं!

पण सगळं एका पिशवीत कोंबलं, म्हणजे आवरलं असं नव्हे हं. प्रत्येक वस्तूचा स्वभाव वेगळा असतो. तो ओळखला, की ती कुठं आणि कशी ठेवायची, हे आपोआप कळतं.

वाळलं तर परत येतं का?

जलरंगांत रंगाची पूड धरून ठेवायला डिंक वापरतात. डिंक पाण्यात विरघळतो. म्हणून पॅलेटवर वाळलेला जलरंग दोन थेंब पाण्यानं पुन्हा जागा होतो. तो धुऊन वाया घालवू नका. वाळलेली शाडू मातीही कुटून भिजवली, की परत मऊ होते.

फेविकॉलचं मात्र तसं नाही. त्यातले बारीक कण पाणी उडून गेल्यावर एकमेकांना जे चिकटतात, ते पूर्वीसारखे सुटे होत नाहीत. ॲक्रिलिक रंगही त्याच जातीचे. म्हणून काम संपलं, की बाटलीचं तोंड ओल्या चिंधीनं पुसायचं आणि टोपण घट्ट लावायचं.

पावसाळ्यात रंगाच्या बाटलीत पांढरा कापूस उगवलेला पाहिलाय? ती बुरशी. खरकटा ब्रश थेट बाटलीत बुडवला, की तिचं फावतं. हवा तेवढा रंग स्वच्छ काडीनं बाहेर काढून घ्या.

उभं, आडवं की सावलीत?

ब्रश पाण्याच्या पेल्यात उभा ठेवून जेवायला जाता ना? त्यानं केस वाकतात आणि पत्र्याच्या नळीतला चिकटवाही सैल होतो. ब्रश धुवा, बोटांनी टोक जुळवा आणि आडवा वाळवा. वाळल्यावर केस वर करून डब्यात उभा ठेवा. स्केचपेन मात्र आडवीच बरी, टोपण लावून. तेली खडूंत मेण असतं, त्यामुळे उन्हाच्या खिडकीत ते मऊ पडतात. पेन्सिल टेबलाच्या कडेवर नको. पडली, की आतलं शिसं तुटतं आणि मग टोक काढावं तेवढ्या वेळा मोडतं!

डबे घरचेच!

विकतचे खण कशाला? श्रीखंडाच्या डब्यात तेली खडू राहतील, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात रंगांच्या बाटल्या. घोटीव आणि पतंगी कागदाचे तुकडे लग्नपत्रिकांच्या पाकिटांत घाला. मोठे कागद गुंडाळू नका. दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून गादीखाली सपाट ठेवा. कागद ओल शोषतो, म्हणून ओलसर भिंतीला टेकवू नका.

टिकल्या, मणी, बटणांसाठी बारा रिकाम्या काड्यापेट्या घ्या. चार-चारच्या तीन रांगा एकमेकींवर चिकटवा. फक्त आतल्या खणांना फेविकॉल लागू देऊ नका! प्रत्येक खणाला एक बटण शिवलं, की झाली मूठ. खणावर आत काय आहे त्याचं चित्र काढा.

एक गोष्ट मात्र विसरायची नाही. घरात लहान भावंड असेल, तर हे कपाट, कात्री आणि कटर त्याचा हात पोचणार नाही अशा उंच जागीच हवं. मणी तोंडात घालायला बाळाला क्षणही लागत नाही आणि तो घशात अडकू शकतो.

घर एका खोलीचं आहे? हरकत नाही. खाटेखाली मावेल असा एकच मोठा खोका ठरवा. तो भरला, की आधी मोडके खडू आणि सुकलेल्या स्केचपेन बाहेर, मगच नवीन वस्तू आत. एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट परीक्षेला बसणार असाल, तर पेन्सिली, ब्रश, रंग, चिंधी यांची वेगळी पिशवी आदल्या रात्रीच भरून ठेवा.

आई-बाबा, तुमच्यासाठी

आवरून तुम्ही देऊ नका. मुलांनी स्वतः ठरवलेली जागा त्यांच्या चांगली लक्षात राहते. आणि जुनी चित्रं रद्दीत टाकण्याआधी त्यांना जरूर विचारा. तुम्हाला जो कागद वाटतो, ती त्यांची चार दिवसांची मेहनत असते. वर्षाची दहा चित्रं मुलांनीच निवडावीत, मागं तारीख आणि वय लिहावं. बाकीच्या चित्रांची पाकिटं, भेटकार्डं करता येतात.

चला तर मग, या रविवारी पहिला मान कुणाला? काड्यापेट्यांच्या कपाटाला की त्या घट्ट बसलेल्या फेविकॉलच्या टोपणाला?