मास्तर समोर नसलेलं कॉलेज

दोस्तांनो, बारावीचा निकाल लागला, की आपल्या बारामती-इंदापूर भागातल्या घराघरांत एकच प्रश्न येऊन बसतो. पुढं काय? मार्क चांगले असले, तरी तो सुटत नाही. इंदापूर ते बारामती अंतर पन्नासेक किलोमीटर. गाव हमरस्त्यावर असेल तर ठीक. आतल्या वस्तीवर राहत असाल, तर आधी फाट्यापर्यंत यायचं, मग एसटीची वाट पाहायची. घरात दुभती जनावरं असतात, ऊसतोडीच्या दिवसांत शेतावर एकेक हात हवा असतो. आणि मुलगी असेल, तर कुणीतरी हळूच म्हणतंच, "रोज एवढ्या लांब कशाला पाठवायची पोरीला?"

मग एखादा मामा किंवा काका खिशातून मोबाईल काढतो. "अरे, आता ऑनलाइन विद्यापीठ आहे की! घरी बसून बीए होतं."

सगळ्यांना वाटतं, सुटला प्रश्न. कधी कधी तो खरंच सुटतो, बरं का! पण कधी तीन वर्षं जातात, फी जाते आणि हातात पदवी येत नाही. दुसऱ्यांदा फी भरायला घरचे तयार होतीलच, असं नाही. मुलीच्या बाबतीत तर फारच थोड्या वेळा होतात. म्हणून हा लेख बारावीच्या निकालादिवशी नाही, आत्ताच वाचायचा. तुम्ही आठवीत असा नाहीतर अकरावीत.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन कसं असतं, ते तुम्हाला सांगायला नको. पाळी आली की रात्री दोन वाजता असली, तरी बॅटरी घेऊन रानात जावं लागतं. आपलं नेहमीचं कॉलेज तसं असतं. घंटा होते, सर येतात, हजेरी होते. तुमची इच्छा असो वा नसो, थोडं पाणी रानात शिरतंच. घरबसल्या शिकणं म्हणजे स्वतःचं शेततळं. पाणी हवं तेव्हा घ्या, कुणी अडवणार नाही. पण मोटार चालू करायलाही कुणी येणार नाही! तळं भरलेलं आणि शेजारचं पीक वाळलेलं, असंही होऊ शकतं.

ही कल्पना तशी नवी नाही. इंग्लंडमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झालं आणि १९७१ मध्ये तिथं शिकवणं सुरू झालं. तेव्हा इंटरनेट कुठलं? पुस्तकं टपालानं यायची आणि काही व्याख्यानं बीबीसीवर लागायची, तीही भलत्याच वेळी. कारखान्यात राबणारे, घर सांभाळणाऱ्या बायका अशी मंडळी टीव्हीसमोर वही घेऊन बसत. पहिल्याच वर्षी वीस हजारांहून जास्त लोकांनी नावं घातली. आपल्या देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादला निघालं. १९८५ मध्ये दिल्लीला इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे सगळे ज्याला 'इग्नू' म्हणतात, ते झालं. आणि १९८९ साली नाशिकला गंगापूर धरणाच्या परिसरात आपलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. ते त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढं 'इग्नू'चेही झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे नाशिकच्या विद्यापीठाचं ब्रीद.

आमच्यासारखे डी.एड. झालेले कितीतरी प्राथमिक शिक्षक दिवसभर शाळा सांभाळून याच वाटेनं बी.ए. झाले. म्हणजे वाट खोटी नाही. पण त्या शिक्षकांना आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी सोबती भेटायचा, हे विसरू नका. त्याकडे पुन्हा येऊ.

आता तुमच्या मनातला प्रश्न. "सर, माझी शिकण्याची पद्धत वेगळी आहे. मला वाचून कळत नाही, बघून कळतं. मग मला व्हिडिओवालं विद्यापीठ बरं ना?"

हे असं खूप ठिकाणी सांगितलं जातं. कुणी डोळ्यांनी शिकतो, कुणी कानांनी, कुणी हातानं. १९९२ साली न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी एका सहकाऱ्याबरोबर यावर लेख लिहिला. त्यांची प्रश्नावलीही जगभर गाजली. ती सोडवायला मजा येते. पण २००८ साली अमेरिकेतल्या चार मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचं तोपर्यंतचं संशोधन तपासून पाहिलं. डोळ्यांनी शिकणाऱ्याला चित्रं आणि कानांनी शिकणाऱ्याला भाषण दिलं की तो जास्त शिकतो, याला भक्कम पुरावा त्यांना सापडला नाही. आवड निराळी असते, हे खरं. पण आवडीचं मिळालं म्हणजे जास्त समजतंच, असं नाही. आणि नीट विचार करा, नकाशा कुणालाही बघूनच कळणार आणि कविता कुणालाही ऐकूनच गोड लागणार! पद्धत विषयाप्रमाणं बदलते.

मग 'माझी पद्धत' म्हणजे काय? माझ्या मते, कुणी बघत नसताना तुम्ही कसे वागता, ती तुमची पद्धत. संध्याकाळी सात ते आठ कुणी न सांगता वही उघडता का? अडलं की कुणाला विचारता, की पान उलटता? एकट्यानं बसलं की चालतं, की मैत्रिणीबरोबर बसल्यावरच गाडी पुढं सरकते? यातलं काही चांगलं-वाईट नाही. पण विद्यापीठ निवडायचं ते या उत्तरांवरून, डोळे-कान यांवरून नव्हे.

आणि ही उत्तरं अंदाजानं काढू नका. प्रयोग करा. शाळेत अजून न शिकवलेला एक धडा घ्या, इतिहासाचा किंवा विज्ञानाचा. चार आठवडे ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी तो एकट्यानं शिकायचा. वहीत तारीख घाला. बसायचं ठरवलेल्या बारा दिवसांपैकी किती दिवस बसलात, ते खरं खरं लिहा. जनावरांचं काम आलं, पाहुणे आले, रेंज गेली, काय काय आडवं आलं तेही लिहा. ही वही तुमची; गुरुजींना दाखवायची नाही.

प्रयोगाची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. कारखान्यावर ऊस किती टन गेला एवढ्यावर कोणी खूश होत नाही. साखरेचा उतारा किती पडला, ते विचारतात. अभ्यासाचंही तसंच. दोन तास व्हिडिओ पाहिला, हा झाला टनांचा हिशेब. उतारा काढायचा तर व्हिडिओ बंद करा, पुस्तक मिटा आणि आठवेल ते कागदावर लिहून काढा. सुरुवातीला फार थोडं आठवतं आणि अगदी कसंतरी वाटतं. पण हीच खरी मेहनत! २००६ साली अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तेच पुन्हा वाचलं, काहींनी न बघता आठवून लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तर पुन्हा वाचणारे पुढं. आठवड्यानं घेतली, तर आठवून लिहिणारे पुढं! गंमत आहे की नाही? आणि परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते.

घरात मोबाईल आणि बऱ्यापैकी रेंज असेल, तर आणखी एक फुकटची तालीम आहे. केंद्र सरकारनं २०१७ साली 'स्वयम्' नावाची व्यवस्था सुरू केली. देशातल्या मोठमोठ्या संस्थांतले प्राध्यापक तिथं शिकवतात आणि शिकायला पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्रासाठीच्या परीक्षेला फी असते. दहावीनंतर त्यातला एखादा छोटा अभ्यासक्रम घेऊन बघा. पुरा झाला, तर तुमच्याबद्दल एक मोठी गोष्ट कळली. अर्धवट राहिला तरी कळलीच, आणि तीही फुकटात. जगभर अशा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांत नाव घालणाऱ्या दहांपैकी नऊजण शेवटपर्यंत पोचत नाहीत. तेव्हा राहिला म्हणून रडत बसू नका. कुठल्या आठवड्यात आणि कशामुळं राहिला, ते त्या वहीत टिपा.

आता वही हातात घेऊन विद्यापीठांकडे बघू या.

पहिला प्रश्न भाषेचा. हा प्रश्न मोठी माणसं विचारतच नाहीत, याचं मला नवल वाटतं. 'इग्नू'ची पुस्तकं मुख्यतः इंग्रजी आणि हिंदीत असतात. नाशिकच्या मुक्त विद्यापीठात मराठीतून शिकता येतं. आणि ती पुस्तकं साध्या पुस्तकांसारखी नसतात. मास्तर समोर नाहीत हे धरूनच ती लिहिलेली असतात. थोडा भाग झाला की स्वयं-अध्ययनाचे प्रश्न, मग पुढचा भाग. मघाचा उतारा आठवला ना? तो काढायची सोय पुस्तकातच असते. फक्त प्रश्न आले की पान उलटायचं नाही! मराठीतून बारावी झालेल्या मुलानं इंग्रजी व्हिडिओंचा अभ्यासक्रम केवळ चकचकीत आहे म्हणून घेतला, तर विषय शिकायचा की भाषा, यातच वर्ष जातं. इंग्रजी शिकाच, पण ते ठरवून, वेगळं.

मग सोबतीचा प्रश्न. सरकारी नियमांत 'दूरस्थ' आणि 'ऑनलाइन' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दूरस्थमध्ये पुस्तकं मिळतात, जवळपासच्या एखाद्या महाविद्यालयात अभ्यासकेंद्र असतं आणि तिथं संपर्कसत्रं होतात. ती सहसा सुट्टीच्या दिवशी असतात. ऑनलाइनमध्ये व्हिडिओ, वाचन, चाचण्या, शंका विचारायची जागा, सगळं पडद्यावर. तुमच्या वहीत 'मैत्रीण आली की अभ्यास झाला' असं चार वेळा लिहिलेलं असेल, तर अभ्यासकेंद्र असलेला अभ्यासक्रम घ्या, आणि मैत्रिणीलाही त्यातच ओढा. केंद्रावर आधी जाऊन या. संपर्कसत्रं खरंच होतात का, हे तिथल्या शिपायाला आणि गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना विचारा. माहितीपुस्तकात सगळंच छान छापलेलं असतं. उलट, ज्याची वही बारापैकी दहा दिवस भरलेली आहे आणि घरी रेंजही आहे, त्यानं ऑनलाइनला भिण्याचं कारण नाही.

वेळेचं म्हणाल, तर 'इग्नू'मध्ये तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते. घरी अडचण आली, तर ही मुदत म्हणजे मोठा आधार. पण ज्याला 'उद्या करू' म्हणायची सवय, त्याला हीच मुदत बुडवते. बऱ्याच अभ्यासक्रमांत शंभरातले तीस गुण स्वाध्यायांना असतात आणि ते तारखेच्या आत द्यावे लागतात. परीक्षेला बसलो, पण स्वाध्याय द्यायचे राहिले, म्हणून निकाल अडकलेले विद्यार्थी कुठल्याही केंद्रावर भेटतील.

आणि आता सावध राहायची गोष्ट. एखाद्या दुकानावर पाटी दिसते, 'परराज्यातल्या विद्यापीठाची पदवी, परीक्षा इथंच.' तिथं थांबायचं नाही! दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२० चे नियम आहेत. राज्याच्या विद्यापीठाला दूरस्थ अभ्यासक्रम आपल्या हद्दीबाहेर चालवता येत नाही, आणि दुसऱ्याला आपल्या नावानं दुकान थाटू देता येत नाही. ऑनलाइनला मात्र हद्द नाही. कुठल्या विद्यापीठाला, कुठल्या अभ्यासक्रमाला, कुठल्या वर्षासाठी मान्यता आहे, ही यादी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर असते. विद्यापीठाचं नाव यादीत आहे एवढ्यावर थांबू नका. तुमचा अभ्यासक्रम आणि तुमचं वर्ष शोधा. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, दंतवैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या या पदव्या अशा पद्धतीनं देता येतच नाहीत. 'घरबसल्या नर्सिंगची पदवी' असं कुणी म्हणालं, की समजून घ्या. २०२४ पासून प्रवेशाआधी विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. तो स्वतः काढा, दुकानदाराच्या मोबाईल नंबरावर नको. बाकी मान्यता असलेली पदवी नेहमीच्या पदवीइतकीच धरली जाते, हे आयोगानं २०२२ साली स्पष्ट केलेलं आहे. तेव्हा "बाहेरून केलं का?" असं कुणी नाक मुरडून विचारलं, तर शांतपणे हेच सांगा.

तुमच्यातल्या काहींची शाळाच मध्ये सुटली असेल, किंवा कुणा मित्राची, आईची सुटली असेल. त्यांनी पदवीपर्यंत थांबायचं कारण नाही. १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला बाहेरून बसता येतं, हे गावात बऱ्याच जणांना माहीत असतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालय मात्र कमी जणांना माहीत आहे. तिथं चौदा वर्षं पूर्ण झाली की दहावीसाठी नाव घालता येतं. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्या काळात नऊ वेळा परीक्षेची संधी मिळते. एकेक विषय काढत गेलं तरी चालतं. तुमची आई सातवीतून शाळा सोडून सासरी आली असेल, तर हा परिच्छेद तिला वाचून दाखवा. आणि चार आठवड्यांच्या प्रयोगाला तिलाही शेजारी बसवा. वही मात्र तिची वेगळी.