ऊब कशांत असते? : रजईच्या कापसाची आणि जाकिटांतील पिसांची पारख

मार्गशीर्ष लागला, कीं नांदेडच्या वजिराबादेंत आणि लातूरच्या गंज गोलाईभोंवतीं उबदार वस्त्रांची चौकशी सुरू होते. गिऱ्हाईक रजई उचलून तिचें वजन अजमावतें आणि ती जड लागली म्हणजे समाधानानें मान डोलावतें. त्याच गिऱ्हाइकाचा मुलगा शेजारच्या दुकानांत फुगीर जाकीट चिमटींत धरून पाहतो, तें अगदींच हलकें लागतें, आणि दुकानदार सांगतो, "आंत पिसें आहेत, साहेब." बाप जडपणास भुलतो, मुलगा हलकेपणास. दोघांनाही विकत हवी असते ती ऊब. पण ती कशांत असते, हें दोघांपैकीं कोणासच कोणी सांगितलेलें नसतें.

ऊब कापसाच्या तंतूंत नसते, आणि पिसांतही नसते. ती मनुष्याच्या देहांतूनच निघत असते; पांघरुणाचें काम तिला बाहेर निसटूं न देण्याचें. हें काम खरोखरी करते ती हवा. स्थिर हवेंतून उष्णता फार मंद गतीनें जाते. घट्ट दाबलेल्या कापसांतून ती त्याहून लवकर निसटते. परंतु मोकळी हवा स्थिर राहत नाहीं. तापली कीं ती वर चढते आणि तिच्या जागीं थंड हवा येते. तिला लहान लहान कप्प्यांत कोंडून ठेवावें लागतें. कापूस, लोकर, पीस हीं सर्व त्या कप्प्यांच्या भिंती होत. तेव्हां भरणाची पारख करावयाची ती इतकीच, कीं थोड्या वजनांत जास्तींत जास्त हवा कोणतें भरण धरतें, आणि दाब निघाल्यावर ती पुन्हां भरून कोणतें घेतें. जुन्या लुगड्यांच्या पांच-सात थरांची वाकळ शिवणाऱ्या आजीबाईंना हें शास्त्र कोणी शिकविलें नव्हतें. पण थरांमधील हवा त्यांच्याही कामास येतच होती.

मराठवाड्याची थंडी हिमालयाची नव्हे, पण ती फसवी आहे. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्यामुळें दिवसभर तापलेली जमीन रात्रीं आपली उष्णता झपाट्यानें सोडून देते, आणि दुपारीं नुसत्या सदऱ्यावर हिंडणारा मनुष्य पहांटे कुडकुडूं लागतो. लातूर तर बालाघाटाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून ६०० मीटरांहून अधिक उंचीवर वसलें आहे. १९९३ सालीं ३० सप्टेंबरच्या पहांटे किल्लारी व आसपासचीं गांवें भूकंपानें जमीनदोस्त झालीं, आणि हजारों कुटुंबांना पुढचा हिवाळा पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत काढावा लागला. तेथें पांघरुणाचा कस हा चैनीचा प्रश्न नव्हता. आजही म्हाताऱ्या माणसांच्या आणि तान्ह्या मुलांच्या खोलींत तो तसा नाहीं.

प्रथम पिसांचा विचार करूं जातां, बाजारांत ज्यांस सरसकट पिसें म्हणतात त्यांत दोन अगदीं भिन्न वस्तु असतात. बदक व हंस जातीच्या पाणपक्ष्यांच्या छातीवर, वरच्या पिसांखालीं, मऊ लव असते. तिला मधला दांडा नसतो. रुईच्या म्हातारीप्रमाणें एका बिंदूपासून तिचे तंतु सर्व दिशांना फुटलेले असतात, आणि म्हणूनच ती एवढी हवा धरते. दांड्याचें पीस चपटें असतें. तें जागा कमी व्यापतें आणि कापडांतून टोंचतें. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेंत जॉर्ज फिंच ह्या गिर्यारोहकानें विमानी फुग्यांच्या कापडांत आयडर बदकाची लव भरून शिवलेला कोट नेला होता. सोबत्यांना प्रथम त्याचें हसूं आलें. वरच्या थंडीनें कोट खरा ठरविला.

ह्या लवेचा कस मोजण्याची रीत मोठी सरळ आहे. एक औंस, म्हणजे सुमारें २८ ग्रॅम, लव उभ्या नळकांड्यांत घालून तिच्यावर ठराविक हलकें वजन ठेवतात, आणि ती किती घन इंच जागा व्यापते तें पाहतात. अंक ५०० ते ६०० आला तर माल साधारण, ८०० आला तर उत्तम. ८०० घन इंच म्हणजे सुमारें १३ लिटर. मूठभर वजनाच्या लवेनें एक घागर भरावी, असा हा प्रकार. पण हा अंक जातीचा आहे, मापाचा नव्हे. ८०० अंकाची लव चिमूटभरच भरली असेल, तर ६०० अंकाची भरपूर लव असलेलें जाकीट तिच्याहून उबदार ठरतें. चिठ्ठीवर ९० व १० असे आंकडे असले तर शेंकडा ९० लव आणि १० पिसें असा अर्थ घ्यावा. नांदेडच्या पहांटेकरितां ८०० अंकाचा सोस धरणें म्हणजे मात्र पैसा उगाच दवडणें होय.

स्वस्त फुगीर जाकिटांत पुष्कळदां लवही नसते आणि पिसेंही नसतात. पॉलिएस्टरचा धागा असतो. तो वाईट असतो असें नाहीं. भिजला तरी तो लवेइतका बसत नाहीं आणि धुण्यास सोपा जातो. पण त्यास पिसांचें मोल देण्याचें कारण नाहीं. शिवणींतून एखादा तंतु बाहेर आलाच, तर तो चिमट्यांत धरून जाळून पाहावा. पीस जळतां केंस जळल्याचा वास येतो, कापूस कागदासारखा जळून मऊ करडी राख होते, आणि पॉलिएस्टर वितळून त्याची कठीण गुठळी बनते.

आतां कापूस. येथें मराठवाड्याच्या माणसानें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. सुतास उत्तम तो कापूस भरणास उत्तम असेलच असें नाहीं. सुतास लांब, बारीक आणि मऊ तंतु हवा. रजईस आंखूड, जाड आणि ताठर तंतु बरा, कारण तो दबला तरी उसळून वर येतो. देशी कापसाच्या कित्येक जाती ह्या दुसऱ्या प्रकारच्या आहेत. नांदेडकडची गावरानी ही देशीच, पण तिची कीर्ति सुतासाठीं होती. १९८४ सालीं नांदेडच्याच संशोधन केंद्रांतून एनएचएच ४४ हा अमेरिकन जातीचा संकर आला, २००२ नंतर बीटी वाण आले, आणि शेतांतून देशी कापूस जवळजवळ हद्दपार झाला. लातूरकडे तर कापसाची जागा सोयाबीननें घेतली. आज रजईंत भरला जातो तो बहुधा अमेरिकन जातीचा कापूस, नाहीं तर गिरणींतील टाकाऊ तंतु, किंवा चिंध्या पिंजून केलेला चुरा.

हा चुरा ओळखणें अवघड नाहीं. एका बाजूची शिवण उसवून मूठभर भरण बाहेर काढावें आणि उन्हांत तळहातावर झटकावें. धूळ व बारीक तुकडे उडूं लागले, किंवा निळे-तांबडे धागे दिसले, तर तो चिंध्यांचा. पिवळट डाग आणि सरकीचे तुकडे म्हणजे कवडी कापूस. मग तें भरण मुठींत घट्ट आवळून सोडावें. जिवंत कापूस हळूहळू फुलतो, मेलेला गोळा होऊन राहतो. अधिक खात्री हवी असेल तर दोन दुकानांतील प्रत्येकीं २० ग्रॅम कापूस सारख्याच उभ्या डब्यांत घालून वर सारख्या वजनाची पातळ चकती ठेवावी. ज्याची चकती उंच राहील तो घ्यावा. फिंचच्या कोटाची आणि ह्या डब्याची परीक्षा तत्त्वतः एकच आहे.

रजई वर्षानुवर्षें जड होत जाते असें घरोघरीं म्हणतात. वजन फारसें वाढलेलें नसतें. हवा गेलेली असते. पिंजारी तांतीच्या कंपानें हीच हवा परत भरीत असे. पिंजण आतां दारावर येईनासें झालें आहे. दांत्यांच्या यंत्रावर काम होतें, तें चालतें, पण एकच कापूस यंत्रांतून पुनःपुन्हां काढला तर तंतु तुटतात. पिंजून परत आलेल्या कापसांत थोडी घट येणारच, कारण धूळ गेलेली असते. पूर्ण वजन परत आलें तर मात्र आंत दुसरें कांहीं मिसळलें नाहीं ना, तें पाहावें. टांके फार जवळ जवळ घालून घेऊं नयेत, प्रत्येक टांक्यापाशीं कापूस दबतो. फार दूर असले तर तो एका कोपऱ्यांत जमतो. वीतभर अंतर पुरतें. कापूस दमट हवेंतील ओल शोषून बसतो, म्हणून आठवड्यांतून एकदां ऊन द्यावें. लवेचें जाकीट मात्र उन्हाळ्यांत पेटींत दाबून ठेवूं नये. सैल पिशवींत टांगावें, आणि धुतलें तर आंतील गुठळ्या हातानें मोडीत पूर्ण वाळेपर्यंत वापरूं नये.